इंग्लंडची झेक्ट आणि माझ्या बहिणीचं मत

"इंग्लंडची झेक्ट?" आमचे शेजारी एवढे हसले की त्यांना ठसका लागला. "अहो, इंग्रज चहा करतात. तोही दूध घालून बिघडवतात."

झेक्ट म्हणजे फसफसणारी वाइन. जर्मनीत कुणाचा वाढदिवस असो, कुणी निवृत्त होवो, नव्या घराची किल्ली मिळो, झेक्टचं बूच उडाल्याशिवाय समारंभ झाला असं कुणी मानत नाही. आमचे शेजारी तर पिढीजात द्राक्षवाले. माझी नोकरी आहे त्या वाल्डॉर्फपासून बसनं वीस मिनिटांवरच्या या गावात टेकडीवर त्यांची बाग आहे, घराखाली तळघर आहे आणि त्या तळघरात त्यांची स्वतःची झेक्ट तयार होते. मी अकरा वर्षं त्यांच्या भिंतीला भिंत लावून राहतोय. ते मला 'हेर नाखबार' म्हणतात, म्हणजे शेजारीसाहेब, आणि मीही त्यांना तेच म्हणतो. ते हसले म्हणून मीही हसलो. दूध घातलेला चहा मी रोज दोनदा पितो, तरी हसलो.

घरी आलो तेव्हा मात्र डोकं असं फिरलं होतं की बायकोनं "काय झालं हो?" एवढंच विचारलं तर तिच्यावरच खेकसलो. कारण ती इंग्लंडची झेक्ट करणारी बाई माझी सख्खी धाकटी बहीण आहे, आणि शेजाऱ्यांकडे मी गेलो होतो तो तिच्यासाठी नोकरी मागायला.

झालं होतं असं की, दक्षिण इंग्लंडमधल्या ज्या द्राक्षबागेत ती बारा वर्षं काम करत होती, ती बाग मालकानं विकून टाकली. नव्या मालकाला द्राक्षं हवी होती, तळघर नको होतं, आणि तळघर नको म्हणजे माझी बहीणही नको. ती एक्केचाळीस वर्षांची, एकटी, आणि या एका कामाशिवाय तिला दुसरं काही करायचं नाही. इकडे आमच्या शेजाऱ्यांचा केलरमाइस्टर, म्हणजे द्राक्षं आत आल्यापासून बाटली बाहेर जाईपर्यंत तळघर सांभाळणारा माणूस, म्हातारा झाला होता आणि यंदाची तोडणी झाली की घरी बसणार होता. मला वाटलं, हे तर आयतंच जुळून आलंय. बहीण भिंतीपलीकडे काम करेल, आमच्यात जेवेल, माझ्या पोरीला आत्या मिळेल. पोर आमच्याशी जर्मनमधूनच बोलते, निदान आत्याशी तरी मराठी बोलेल.

यात एकच अडचण होती. बहिणीचा पासपोर्ट ब्रिटिश, आणि ब्रिटन युरोपातून बाहेर पडलेलं. ते बाहेर पडणं आठवलं की माझ्या तोंडाचा पट्टा सुरू होतो. का, ते सांगतो.

आम्ही नाशिकचे. बाबा शाळामास्तर. घरात पंचशील. दारू प्यायची नाही, घरात आणायची नाही, ज्या लग्नात वाहते त्या लग्नात जेवायचंसुद्धा नाही. अशा घरातली मुलगी रसायनशास्त्र शिकली आणि गावातल्याच एका वायनरीच्या प्रयोगशाळेत लागली. बाबांनी सहा महिने अबोला धरला. मग एक दिवस म्हणाले, "तू पीत नाहीस ना?" ती म्हणाली, "चव घेते आणि थुंकते." बाबांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "मग ठीक आहे." पुढे ती तेच शिकायला इंग्लंडला गेली आणि तिथेच राहिली. मी थेंबही घेत नाही. त्यामुळे तिची वाइन चांगली असते की वाईट, हे मला आजतागायत कळलेलं नाही, आणि कळून घ्यावं असं वाटलंही नाही.

पंचशीलाइतकीच आमच्या घरात आणखी एक गोष्ट पक्की होती. मतदान. त्या दिवशी बाबा पहाटे अंघोळ करत, पांढरेशुभ्र इस्त्रीचे कपडे घालत आणि केंद्र उघडायच्या आधी जाऊन रांगेत पहिले उभे राहत. आम्हा दोघांना बोटाला धरून नेत. "तुमच्या पणजोबांनी विहिरीवर पाणी मागितलं तर मार खाल्ला," रांगेत उभ्या उभ्या सांगत, "आणि आज पाटलाचं मत एक आणि माझंही एकच." कुणी चुकीच्या माणसाला मत दिलं तर बाबा वाद घालत, हसत, सोडून देत. मत दिलंच नाही म्हणणाऱ्याला मात्र क्षमा नव्हती. एका मावसभावाशी त्यांनी एवढ्याच कारणावरून कायमचं बोलणं टाकलं.

तर नऊएक वर्षांपूर्वी ब्रिटनमध्ये ते सार्वमत झालं. युरोपात राहायचं की बाहेर पडायचं. गंमत बघा, तिथे वर्षानुवर्षं राहणाऱ्या जर्मन माणसाला, पोलिश माणसाला त्यात मत नव्हतं, पण माझ्या बहिणीला होतं. तेव्हा तिचा पासपोर्ट भारताचाच होता. पण एकेकाळी आपल्यावर त्यांचं राज्य होतं ना, त्या नात्यानं तिथे राहणाऱ्या भारतीयाला मत देता येतं. आणि मी? मी इथे कर भरतो, कचरा चार डब्यांत वेगळा करतो, रविवारी ड्रिल मशीन चालवत नाही, आणि मला गावच्या महापौराच्या निवडणुकीतसुद्धा कुणी विचारत नाही. युरोपात राहतो मी, आणि युरोपाचं काय करायचं ते ठरवणार ती! मला हेवा वाटला होता, खोटं कशाला बोलू.

निकाल लागला त्या सकाळी बाबा आमच्याकडेच होते, तीन महिन्यांच्या व्हिसावर आलेले. मी फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"मत दिलंस?" बाबांचा पहिला प्रश्न.

"हो, बाबा."

"कोणत्या बाजूला?"

"बाहेर पडायच्या."

झालं! माझा तोल गेला. "अगं, तुझं डोकं ठिकाणावर आहे का? तू स्वतः तिथे परकी, आणि परक्यांना हाकला म्हणून मत देतेस?" ती म्हणाली, तिच्याबरोबर द्राक्षं तोडणाऱ्या रुमानियाच्या मुलींना व्हिसा लागत नाही, परीक्षा लागत नाही, आणि ती मात्र दर वेळी कागद घेऊन दारात उभी. सगळ्यांना एकच रांग असू दे. तिकडच्या आपल्या बऱ्याच लोकांचं तेव्हा हेच म्हणणं होतं, त्यामुळे मला नवल वाटलं नाही, नुसता संताप आला. बाबा म्हणाले, "असो. मत तिचं आहे." आणि पेपर उघडून बसले.

मी मात्र ते सोडलं नाही. नऊ वर्षं सोडलं नाही. रुमानियाच्या मुली यायच्या बंद झाल्या आणि एका वर्षी अर्धी द्राक्षं वेलीवरच राहिली, तेव्हा मी फोन करून म्हणालो, "घे, लावली ना सगळ्यांना एक रांग?" तिच्या मालकानं बाटलीवर भला मोठा झेंडा छापला आणि आमची वाइन फ्रान्सच्या तोंडात मारील असं सांगत फिरू लागला. तिकडे लोक ती झेंडा बघून प्यायला लागले आणि इकडे झेंडा बघूनच बाजूला ठेवायला लागले. इथल्या कार्ल्सरूहे शहरातला एक हॉटेलवाला पूर्वी तिच्या बाटल्या मागवायचा. पुढे कस्टमचे कागद बघितले आणि त्यानंही नाद सोडला. तेव्हाही मी फोन केला. तिनं ब्रिटिश पासपोर्ट घेतला तोवर त्या पासपोर्टातलं युरोप गळून गेलं होतं. ते तसंच राहिलं असतं तर आज ती बॅग उचलून आली असती आणि सोमवारी भिंतीपलीकडे कामाला लागली असती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, हे मी तिला किती वेळा ऐकवलं असेल त्याला गणती नाही.

तिनं एकदाही उलट उत्तर दिलं नाही. मला वाटायचं, द्यायला आहे काय तिच्याकडे?

शेजाऱ्यांचा ठसका ओसरल्यावर ते म्हणाले होते, "बोलवा तिला. चाखायला काय जातं?" म्हणून मे महिन्यातल्या एका शनिवारी ती आली. बरोबर दोनच बाटल्या होत्या, कारण त्याहून जास्त आणल्या तर पुन्हा कस्टम. दोन्ही बाटल्या स्वेटरात गुंडाळून, बॅग मांडीवर घेऊन ती तीन गाड्या बदलत आली होती. आल्या आल्या तिनं त्या फ्रीजमध्ये आडव्या ठेवल्या आणि बायकोला म्हणाली, "वहिनी, बटाटेवडे कर ना. तळलेल्याबरोबर ही छान लागते." मी म्हणालो, "आता जर्मन माणसाला वडे खायला घालून नोकरी मिळवणार का?" ती हसली.

संध्याकाळी शेजाऱ्यांच्या अंगणात बसलो. ते, त्यांची बायको, बहीण आणि मी. माझ्या हातात सफरचंदाचा रस. शेजाऱ्यांनी ग्लास उजेडात धरला, हुंगला, एक घोट घेतला. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. आता हसणार, आता चहाचं काहीतरी बोलणार. ते हसले नाहीत. त्यांनी दुसरा घोट घेतला आणि बहिणीला विचारलं, "बाटलीत यीस्टच्या गाळावर किती महिने ठेवली?" तिनं सांगितलं, आणि सांगितलं ते जर्मनमधून. मी उडालोच. गेली दोन वर्षं ती रात्री शिकत होती म्हणे. मला पत्ता नाही. मग दोघं तळघरात उतरले आणि पाऊण तास वर आले नाहीत. मी आणि शेजारीणबाई वडे खात बसलो.

"तुमची बहीण फार हुशार दिसते," शेजारीणबाई म्हणाल्या.

"कसली हुशार!" मी म्हणालो. "हट्टी आहे नुसती. लहानपणापासून कुणाचं ऐकत नाही."

"आख् सो, अस्सं होय," त्या म्हणाल्या आणि त्यांनी आणखी एक वडा घेतला.

दोघं वर आले तेव्हा शेजाऱ्यांचे गाल लाल झाले होते. त्यांनी पुन्हा ग्लास भरला. "आल्झो, तर मग," म्हणाले, "ब्रिटिश पासपोर्ट आहे म्हणजे परवाना लागणार, फॉर्म लागणार, ऑफिसच्या चकरा लागणार. माझी भाची लंडनला होती, तिचंही असंच झालं, कंटाळून परत आली." मग सहज बहिणीकडे वळून म्हणाले, "तुम्हाला होतं का हो तेव्हा मत?"

बहिणीनं तोंड उघडलं. पण मी असताना ती कशी बोलणार?

"होतं तर!" मी म्हणालो. "आणि कुणाला दिलं असेल? 'बाहेर'ला! विचार करणं हिच्या स्वभावातच नाही. आधी करून मोकळी होते, मग निस्तरायला आम्ही आहोतच." आणि मोठ्यांदा हसलो.

माझ्याशिवाय कुणी हसलं नाही. बहीण टेबलावरचे वड्याचे तुकडे बोटानं गोळा करत राहिली. शेजारी "या, या" म्हणजे "हो, हो" करत मान हलवत होते. निघताना त्यांनी तिचा हात दोन्ही हातांत धरला आणि दोन दिवसांत कळवतो म्हणाले. घरात शिरताना मी तिला म्हणालो, "पटवलंस की म्हाताऱ्याला!" ती म्हणाली, "बघू."

मंगळवारी सकाळी पत्रपेटीत पाकीट होतं. भिंतीला भिंत, तरी पाकीट. त्यावर तिकीट नव्हतं, म्हणजे स्वतः येऊन टाकून गेले होते. चार ओळी. वाइनबद्दल मनापासून आभार, पण आम्ही दुसऱ्या उमेदवाराला घ्यायचं ठरवलं आहे.

मी ते पत्र हातात घेऊन वर गेलो. बहीण कपड्यांच्या घड्या करत होती, दुसऱ्या दिवशी तिची गाडी होती. "बघितलंस?" मी ओरडलो. "नऊ वर्षांपूर्वीच्या मतानं आज तुझं काम घालवलं! स्वतःच्या हातानं घालवलंस!"

तिनं पत्र वाचलं. घडी घातलेला कुर्ता उगाच पुन्हा उलगडला.

"दादा, मी मत दिलंच नव्हतं," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"त्या दिवशी बाटल्या भरायचं मशीन आलं होतं. भाड्याचं, फिरतं. एकाच दिवसासाठी मिळतं. सकाळपासून उभी होते, संपलं तेव्हा केंद्र बंद व्हायला अर्धा तास उरला होता. गाडी घेऊन गेले असते तर पोचले असते. पण पायरीवर बसले ते उठवेना. म्हटलं, दुसऱ्यांचा देश, माझ्या एका मतानं काय होणारे?"

"मग तू 'बाहेर' का म्हणालीस?"

"बाबा होते ना फोनवर. मत दिलं नाही म्हणाले असते तर बाबा माझ्याशी बोलले असते का परत? तूच सांग."

"अगं मग 'राहायच्या बाजूला' म्हणायचंस!"

"म्हणाले असते तर तुम्ही दोघांनी शाबास म्हटलं असतं," ती म्हणाली. "न दिलेल्या मताची शाबासकी घेववेना मला. चूक तर झाली होती. म्हटलं, निदान बोलणी तरी खावीत."

"आणि ती रांगेची कारणं? रुमानियाच्या मुली?"

"ती आमच्या ट्रॅक्टरवाल्याची. रोज जेवणाच्या सुट्टीत ऐकून ऐकून पाठ झाली होती."

मी खुर्चीत बसलो. नऊ वर्षं एका न दिलेल्या मतासाठी मी तिला टोचत होतो, आणि ती ऐकून घेत होती. मला तिचा राग आला. खरंच आला, एवढं कुणी मूर्ख असतं का म्हणून. आणि मग एकदम वाटलं, अरे, मग तर सोपं आहे! शेजाऱ्यांना जाऊन सांगायचं, हिनं त्या बाजूला मत दिलेलंच नाही. ती "दादा, जाऊ दे" म्हणत होती तोवर मी जिना उतरलोसुद्धा.

शेजारी अंगणात पाइपनं क्रेट धूत होते. मी एका दमात सगळं सांगितलं. मशीन, पायरी, बाबा, सगळं. त्यांनी पाणी बंद केलं.

"पण मताचं काय?" ते म्हणाले. "या गावात कोण कुणाला मत देतं ते बघून माणसं निवडायला लागलो तर माझी द्राक्षं कोण तोडणार?"

"मग परवान्याचे कागद..."

"कागद भरले असते. माझा मुलगा भरतो सगळे कागद. आणि वाइन उत्तम होती, हेर नाखबार. मी हसलो होतो ते चुकलंच माझं."

"मग नाही का म्हणालात?"

त्यांना बोलायचं अवघड जात होतं, ते दिसत होतं. "तुमच्यामुळे," ते म्हणाले. "तुम्ही माझ्या बायकोला म्हणालात, ती हट्टी आहे, कुणाचं ऐकत नाही. मला म्हणालात, विचार न करता करते आणि दुसऱ्यांना निस्तरावं लागतं. तळघरात एक चूक झाली की अख्ख्या वर्षाची वाइन गटारात जाते. मला वाटलं, सख्खा भाऊ सांगतोय. अकरा वर्षांत तुम्ही माझ्याशी कधी खोटं बोलला नाहीत."

"अहो, ते तसं नव्हतं!" मी म्हणालो. माझी जर्मन पार ढेपाळली होती. "आमच्यात तशी रीत असते. आपल्या माणसाचं कुणी कौतुक केलं की आपण नाही म्हणायचं. समोरच्यानं म्हणायचं, छे हो, असं कसं. मग... म्हणजे आपल्या माणसाबद्दल आपण चांगलं बोलायचं नसतं."

त्यांनी ते नीट ऐकून घेतलं. मग खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं विचारलं, "मग चांगलं बोलतं कोण?"

दुसऱ्या माणसाला त्यांनी सोमवारीच होकार कळवला होता, करारावर सहीसुद्धा झाली होती. त्यांनी माझ्या खांद्यावर ओला हात ठेवला आणि पुन्हा पाणी सुरू केलं.

वर आलो तेव्हा बहीण बॅगची चेन लावत होती. "वाइन आवडली नाही ना त्यांना?" तिनं विचारलं.

"उत्तम होती म्हणाले."

"मग?"

मी तिला सांगितलं. बाईंना काय म्हणालो, त्यांना काय म्हणालो, आणि त्यांनी त्याचा काय अर्थ घेतला, एकही शब्द न गाळता सांगितलं. सांगून तिच्यासमोर उभा राहिलो. आता बोल म्हटलं. नऊ वर्षांचं सगळं आज माझ्या तोंडावर मार.

तिनं बॅग उचलून दाराशी नेऊन ठेवली. मग म्हणाली, "बाबांचा फोन येईल आत्ता, काय झालं विचारायला. त्यांना सांग, वाइन नाही आवडली म्हणून."

पाच मिनिटांत फोन आला. मी तसंच सांगितलं.